सीसीटीव्ही तंत्रज्ञानाची मराठी परिभाषा : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

'सीसीटीव्ही' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याचे पूर्ण रूप विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकापासून ग्रामपंचायतीच्या ठरावापर्यंत, वृत्तपत्राच्या मथळ्यापासून पोलिसांच्या पंचनाम्यापर्यंत आणि महाविद्यालयाच्या परीक्षा केंद्रापासून न्यायालयाच्या निकालपत्रापर्यंत त्याचा संचार आहे. त्याच्या मागोमाग फुटेज, डीव्हीआर, मेगापिक्सेल, नाइट व्हिजन, झूम, बॅकअप, फेस रेकग्निशन अशी मोठी शब्दसंपदा मराठीत दाखल झाली आहे. हे शब्द नित्य कानावर पडतात, परंतु त्यांचा नेमका अर्थ वापरणाऱ्याला ठाऊक असतोच असे नाही.

मराठीतील परिभाषाविषयक चर्चेचा इतिहास दीर्घ आहे. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'पासून विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांपर्यंत ही परंपरा सलग दिसते. या चर्चेत बहुधा एकच प्रश्न अग्रभागी राहिला : परका शब्द ठेवावा की त्याला स्वकीय पर्याय घडवावा? सुरक्षा कॅमेऱ्यांच्या परिभाषेकडे पाहताना मात्र हा प्रश्न दुय्यम ठरतो. 'डोम कॅमेरा' किंवा 'डीव्हीआर' या शब्दांना मराठी पर्याय नसल्यामुळे कोणाचे विशेष अडत नाही. परंतु 'ओळख', 'मूळ प्रत', 'निगराणी', 'सुरक्षा' हे मराठी वाटणारे शब्द जेव्हा संदिग्धपणे वापरले जातात, तेव्हा एखाद्या माणसाचे निरपराधित्व, एखाद्या पुराव्याची ग्राह्यता आणि नागरिकाचा खासगीपणाचा हक्क पणाला लागतो. उपकरणांची नावे उसनी घेतली तरी चालतील, परंतु निर्णय ज्यांवर आधारले जातात ते शब्द स्पष्ट असले पाहिजेत, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सीसीटीव्ही तंत्रज्ञानातील प्रमुख संज्ञांचा मूळ अर्थ आणि मराठीतील प्रचलित वापर यांतील अंतर तपासणे.
२. या अंतराचे न्यायिक व सामाजिक परिणाम स्पष्ट करणे.
३. मराठीच्या जिवंत शब्दसंग्रहातून अधिक नेमके पर्याय सुचवणे.

विवेचनासाठी परिभाषेचे तीन निकष गृहीत धरले आहेत : शब्दाने एकच अर्थ सांगावा (एकार्थता), अर्थाच्या पायऱ्या वेगळ्या दाखवाव्यात (भेदक्षमता) आणि सामान्य वाचकाला त्याचा अंदाज यावा (पारदर्शकता).

१. 'क्लोज्ड सर्किट' : नाव राहिले, अर्थ गेला

सीसीटीव्हीचे पूर्ण रूप 'क्लोज्ड सर्किट टेलिव्हिजन', म्हणजे बंद परिपथातील दूरचित्रवाणी. येथे 'बंद' हे विशेषण प्रक्षेपणाच्या विरोधात आले आहे. प्रक्षेपित चित्र ज्याच्याकडे संच आहे त्या कोणालाही दिसू शकते. बंद परिपथातील चित्र ठरावीक तारेतून ठरावीक पडद्यावरच जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जर्मनीतील पीनेम्युंडे येथे अग्निबाणांच्या चाचण्या सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी अशी व्यवस्था वापरली गेली. अमेरिकेत मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने आपल्या पतीसह घराच्या दारासाठी कॅमेरा व पडदा यांची योजना तयार केली. तिचे एकस्व १९६९ मध्ये मंजूर झाले. दाराबाहेर कोण उभे आहे हे दार न उघडता घरातल्या माणसाला कळावे, हा तिचा हेतू होता. म्हणजे आरंभी पाहणारा आणि पाहण्याची जागा दोन्ही निश्चित होती.

१९९६ मध्ये स्वीडनमधील अ‍ॅक्सिस या कंपनीने संगणक जाळ्याला थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला आणि परिपथ 'बंद' राहण्याचे कारण संपले. आजचा आयपी कॅमेरा हा वस्तुतः भिंग लावलेला छोटा संगणक आहे. त्याचे चित्र दुसऱ्या खंडातील पडद्यावरही जाऊ शकते. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक संगणकप्रणालीने अशा असंख्य कॅमेऱ्यांचा व डीव्हीआरचा ताबा घेतला. त्यांचे कारखान्यात ठरवलेले संकेतशब्द कोणी बदललेलेच नव्हते. त्या यंत्रांच्या एकत्रित माऱ्यामुळे ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. पहाऱ्यासाठी बसवलेली यंत्रेच चोरवाट ठरली. तरीही त्यांचे नाव 'बंद परिपथ' असेच राहिले.

पारदर्शकतेच्या निकषावर हे नाव आज दिशाभूल करणारे आहे. मात्र ते बदलण्याचा आग्रह व्यर्थ ठरेल, कारण 'सीसीटीव्ही' हा मराठीत आता आद्याक्षरांचा समूह नसून एक स्वतंत्र नाम झाला आहे. गरज आहे ती त्याला विशेषणाची जोड देण्याची. 'तारजोड सीसीटीव्ही' आणि 'इंटरनेटला जोडलेला सीसीटीव्ही' असा फरक सोसायटीच्या ठरावात नोंदवला गेला, तर 'हे चित्र आणखी कोण पाहू शकतो?' हा प्रश्न विचारणे सभासदाला सुचेल.

आद्याक्षरांचा आणखी एक घोटाळा येथेच नोंदवला पाहिजे. 'आयपी कॅमेरा' यातील आयपी म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल. त्याच कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात 'आयपी ६६' असे लिहिलेले असते, त्यातील आयपी म्हणजे धूळ व पाणी आत शिरण्यापासूनचे संरक्षण. पहिला ६ हा अंक धुळीपासून पूर्ण बचाव आणि दुसरा ६ हा अंक पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापासून बचाव सांगतो. 'आयपी ६७' मध्ये दुसरा अंक एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची क्षमता दर्शवतो. निविदेत केवळ 'आयपी कॅमेरा' अशी नोंद असेल, तर पावसाळ्यात तो टिकेल की नाही याबद्दल ती काहीच सांगत नाही. येथे 'धूळ-पाणीरोधक श्रेणी' असा साधा शब्द अधिक उपयुक्त ठरतो.

२. टेहळणी, पाळत, पहारा, देखरेख

इंग्रजीत ज्या क्रियेसाठी 'सर्व्हेलन्स' हा एक शब्द आहे, तिच्यासाठी मराठीत किमान चार शब्द आहेत आणि त्या प्रत्येकाचा नैतिक संदर्भ वेगळा आहे. 'टेहळणी' बाहेरच्या दिशेने होते. गडावरचा टेहळणी बुरूज येणाऱ्या शत्रूकडे पाहतो, गडावरच्या माणसांकडे पाहत नाही. 'पाळत' विशिष्ट संशयितावर ठेवली जाते आणि ती त्याला कळू नये अशी अपेक्षा असते. 'पहारा' वस्तूचा किंवा जागेचा असतो, प्रहराशी नाते सांगणाऱ्या या शब्दात जागा राहणारा माणूस गृहीत आहे. 'देखरेख' आपल्या जबाबदारीतील माणसांवर किंवा कामावर ठेवली जाते, तिच्यात अधिकार आणि काळजी दोन्ही आहेत.

सार्वजनिक सूचनाफलकांवर मात्र यांपैकी एकही शब्द सहसा आढळत नाही. तेथे 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' असे वाक्य असते. 'निगा' हा शब्द मराठीत रोपट्याची, लहान मुलाची, आजाऱ्याची काळजी घेण्यासाठी येतो. त्याच कुळातील 'निगराणी' वाचताना पाहण्याच्या क्रियेला काळजीचा सौम्य रंग चढतो. प्रत्यक्षात तो कॅमेरा चोरावर टेहळणी करतो आहे, कामगारावर देखरेख ठेवतो आहे की भाडेकरूवर पाळत ठेवतो आहे, हे त्या फलकावरून कळत नाही.

'सुरक्षा कॅमेरा' या शब्दाबाबतही तीच अडचण आहे. मराठीच्या व्याकरणात 'सुरक्षा' या शब्दाला दोन विभक्तींची अपेक्षा असते : सुरक्षा कोणाची आणि कोणापासून? षष्ठी आणि पंचमी गाळली की शब्द ऐकायला निर्दोष वाटतो आणि आशयाला पोकळ होतो. याचे उत्तम उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणातील २ डिसेंबर २०२० च्या आदेशात मिळते. देशातील प्रत्येक पोलीस ठाण्याची प्रवेशद्वारे, कोठड्या, मार्गिका, स्वागतकक्ष इत्यादी ठिकाणी रात्रीही दिसणारे व ध्वनीही नोंदवणारे कॅमेरे बसवावेत आणि नोंदी अठरा महिने जतन कराव्यात, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष तरी ठेवाव्यात, असे त्यात सांगितले आहे. येथे सुरक्षा नागरिकाची आहे आणि ती कोठडीतील छळापासून आहे. चौकातील कॅमेऱ्यात पोलीस पाहणारे असतात आणि ठाण्यातील कॅमेऱ्यात ते पाहिले जाणारे ठरतात. यंत्र एकच, शब्द एकच, परंतु दृष्टीची दिशा नेमकी उलट आहे. या आदेशाच्या अंमलबजावणीतील उणिवांची सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. ही दिशा उलटवणे शब्दात जितके सोपे आहे तितके व्यवहारात नाही, हे त्यावरून दिसते.

३. 'ओळख' या शब्दाच्या चार पायऱ्या

या परिभाषेतील सर्वांत गंभीर संदिग्धता 'ओळख' या शब्दाभोवती आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत कॅमेऱ्याच्या चित्राकडून काय अपेक्षिता येईल याच्या पायऱ्या घालून दिल्या होत्या. त्यांपैकी डिटेक्शन, ऑब्झर्व्हेशन, रेकग्निशन आणि आयडेंटिफिकेशन या चार पायऱ्या व्यवहारात विशेष रूढ झाल्या आणि कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकांत त्या अजूनही आढळतात. प्रत्येक पायरीसाठी दृश्यातील एका मीटर रुंदीमागे किती चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल हवेत, हे ठरलेले होते. माणूस आहे की नाही एवढे कळण्यासाठी २५, त्याचे कपडे किंवा वागणे निरखण्यासाठी सुमारे ६२, पूर्वी पाहिलेलाच माणूस आहे का हे सांगता येण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख निःसंशय ठरवण्यासाठी २५०.

हे आकडे प्रत्यक्ष उदाहरणात मांडल्यास त्यांचा अर्थ उलगडतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० बिंदूंचे असते. १९२० ला २५० ने भागल्यास ७.६८ येतात. म्हणजे दृश्याची रुंदी सुमारे साडेसात मीटरपर्यंत असेल तरच हा कॅमेरा अनोळखी माणसाची ओळख ठरवण्यास पुरेसा ठरतो. रुंदी १५ मीटरच्या आसपास गेली की तो केवळ परिचिताला ओळखण्यापुरता उरतो, ३० मीटरवर कपडे निरखण्यापुरता आणि ७६ मीटरवर 'तेथे कोणीतरी आहे' एवढे सांगण्यापुरता. हे गणितसुद्धा प्रकाश पुरेसा, भिंग स्वच्छ आणि कॅमेऱ्याचा कोन योग्य असेल तेव्हाचे. संपूर्ण चौक एका चित्रात यावा म्हणून उंच खांबावर बसवलेला कॅमेरा चौक दाखवतो, चौकातला माणूस दाखवत नाही.

मराठी बातम्यांत मात्र या चारही पायऱ्यांसाठी 'सीसीटीव्हीवरून ओळख पटली' हे एकच वाक्य येते. वास्तविक मराठीला हे भेद अपरिचित नाहीत. 'चाहूल लागणे' यात कोणीतरी आहे एवढेच कळते, कोण ते कळत नाही. मुळात हा कानाचा अनुभव असला तरी अर्थाची पायरी तीच आहे. 'निरखणे' यात तपशील येतो, नाव येत नाही. 'ओळखीचा वाटणे' यात पूर्वस्मृती लागते. 'ओळख पटणे' यात खात्री आहे. भारतीय तत्त्वज्ञानात पूर्वी पाहिलेल्याला 'तोच हा' असे जाणणे यासाठी 'प्रत्यभिज्ञा' ही स्वतंत्र संज्ञा आहे आणि कालिदासाच्या नाटकाच्या शीर्षकातील 'अभिज्ञान' म्हणजे ओळख पटवणारी खूण होय. स्मृतीतून ओळखणे वेगळे आणि खुणेवरून सिद्ध करणे वेगळे, हा विवेक आपल्या परंपरेत होता. अंगठी सापडेपर्यंत शकुंतला दुष्यंताच्या समोर उभी असूनही त्याला ओळख पटत नाही. समोर दिसणे आणि ओळख पटणे यांत किती अंतर असते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

स्वयंचलित चेहरा ओळख प्रणाली आल्यावर ही संदिग्धता अधिक धोकादायक झाली आहे. अशी प्रणाली दोन वेगळी कामे करते. समोरचा माणूस तो सांगतो तोच आहे का, हे एका चेहऱ्याची एका नोंदीशी तुलना करून तपासणे ही 'पडताळणी'. गर्दीतील एक चेहरा लाखो नोंदींत शोधणे हे 'ओळखशोधन'. फोनचे कुलूप उघडणे पहिल्या प्रकारात येते, संशयिताचा शोध दुसऱ्यात. पहिल्या कामातील यशाचा दाखला दुसऱ्यासाठी देता येत नाही, कारण नोंदी वाढतात तशी चुकीच्या माणसाशी साम्य जुळण्याची शक्यताही वाढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनेक प्रणालींमध्ये आशियाई व आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत चुकीची जुळणी होण्याचे प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत दहा ते शंभर पट असल्याचे आढळले होते. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारातील उत्तरात, ८० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास निकाल सकारात्मक धरला जातो, असे सांगितले होते. 'ऐंशी टक्के साम्य' हे यंत्राचे अनुमान आहे. बातमीत त्याचे 'ओळख पटली' असे रूपांतर होते, तेव्हा अनुमानाला निश्चितीचा दर्जा मिळतो आणि हे काम तंत्रज्ञान करत नाही, भाषा करते. अशा ठिकाणी 'साम्य आढळले' एवढेच लिहिणे सत्याला धरून होईल.

४. रात्र आणि वेळ

'नाइट व्हिजन' या शब्दामुळे कॅमेऱ्याला रात्रीही दिवसासारखे दिसते असा समज होतो. बहुसंख्य कॅमेरे रात्री अवरक्त किरण सोडतात आणि त्यांच्या परावर्तनावरून कृष्णधवल चित्र घेतात. मानवी डोळ्याला काळे दिसणारे काही कापड अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते आणि चित्रात फिकट किंवा पांढरे दिसते. साक्षीदार 'काळा सदरा' सांगतो आणि चित्रात पांढरा सदरा दिसतो, तेव्हा साक्षीदार खोटा ठरण्याची शक्यता असते. वस्तुतः दोघेही आपापल्या परीने खरे सांगत असतात. 'रात्रदृष्टी' असा शब्दशः पर्याय हा गैरसमज कायम ठेवतो. शालेय विज्ञानातून परिचित असलेला 'अवरक्त चित्रण' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे, कारण हे चित्र डोळ्याने पाहिलेले नाही, याची जाणीव तो देतो.

चित्राच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या वेळेबाबतही असेच म्हणता येईल. ती घटनेची वेळ नसून यंत्राच्या घड्याळाने दाखवलेली वेळ असते. घड्याळ जाळ्यावरील प्रमाणवेळेशी जोडलेले नसेल, तर ते पुढे-मागे जाऊ शकते. दोन दुकानांतील दोन कॅमेरे एकाच माणसाला एकाच क्षणी दोन ठिकाणी दाखवू शकतात. यासाठी 'यंत्रवेळ' आणि 'प्रत्यक्ष वेळ' असे दोन शब्द पंचनाम्यात स्वतंत्रपणे येणे आवश्यक आहे. नोंद ताब्यात घेताना डीव्हीआरच्या घड्याळातील वेळ आणि भारतीय प्रमाणवेळ यांतील फरक लिहून ठेवला, तर पुढचा बराचसा वाद टळेल.

५. अस्सल आणि नक्कल

वेळ आणि मूळ प्रत हे दोन्ही प्रश्न महाराष्ट्रातील एका प्रकरणात एकत्र आले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील नामनिर्देशनपत्रे २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाली, असा आक्षेप निवडणूक याचिकेत घेण्यात आला होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण त्यासाठी महत्त्वाचे होते. त्याच्या सीडी उपलब्ध झाल्या, परंतु भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र वारंवार मागणी करूनही मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अपील फेटाळताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा नियम स्पष्ट केला. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही, परंतु त्यातून काढलेली प्रत दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पक्षकाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले असेल, तर मात्र त्याला सूट मिळू शकते.

हा सारा न्यायविचार 'मूळ' आणि 'प्रत' या दोन शब्दांवर उभा आहे. मराठीच्या दफ्तरी परंपरेत यासाठी 'अस्सल' आणि 'नक्कल' ही नेमकी जोडी आहे. जमिनीच्या कागदपत्रांची नक्कल काढणाऱ्या शेतकऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही. तरीही कॅमेऱ्याच्या संदर्भात पेन ड्राइव्हमधील प्रतीला, मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्याला आणि डीव्हीआरमधील मूळ नोंदीलाही सरसकट 'फुटेज' म्हटले जाते. हा शब्द चित्रपटाच्या फितीची लांबी फुटांत मोजण्यावरून आला. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चौकटी मावत. फूट गेले, फीत गेली, शब्द मात्र उरला. त्यात अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हे सांगण्याची सोय नाही.

डिजिटल नोंदीत अस्सल आणि नक्कल डोळ्यांना सारखीच दिसतात, म्हणून भेद पटवण्यासाठी 'हॅश मूल्य' लागते. फाइलमधील सर्व अंकांवर ठरावीक गणिती प्रक्रिया करून काढलेली ही ठरावीक लांबीची संख्या असते. फाइलमधील एक बिट जरी बदलला तरी ती पूर्णपणे वेगळी येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हे मूल्य नोंदवण्याची तरतूद आहे. त्या प्रमाणपत्राचे दोन भाग असून एक पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा आहे. मराठीत या संज्ञेला 'अंकमुद्रा' असा पर्याय सुचवता येईल. पत्रावरची मोहोर फुटली की पत्र उघडले गेल्याचे कळते, त्याचप्रमाणे अंकमुद्रा जुळली नाही की नोंद बदलल्याचे कळते. चित्र दुसऱ्या स्वरूपात रूपांतरित करताना ते पुन्हा संक्षेपित होते आणि अंकमुद्रा बदलते. त्यामुळे 'व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फुटेज' ही नकलेचीही नक्कल असते.

'ओव्हररायटिंग' ही संज्ञाही येथे महत्त्वाची आहे. चार मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने नोंद करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा घेतो, तीस दिवसांना जवळपास १.३ टेराबाइट. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या अठरा महिन्यांसाठी त्याच एका कॅमेऱ्याला सुमारे २३.६ टेराबाइट लागतील. जागा संपली की यंत्र सर्वांत जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहिते. यासाठी 'पुनर्लेखन' हा पर्याय फसवा आहे, कारण मराठीत पुनर्लेखन म्हणजे तोच मजकूर सुधारून लिहिणे. येथे जुने कायमचे नष्ट होते. 'आपोआप पुसले जाणे' हे साधे शब्दच योग्य आहेत. पीडिताला 'अमुक दिवसांनी नोंद आपोआप पुसली जाते' हे कळले तर तो वेळेत अर्ज करील. 'बॅकअप संपला' असे ऐकल्यावर त्याला केवळ हताश होता येते.

६. वृत्तपत्रीय रूपके

मराठी वृत्तपत्रांनी या तंत्रज्ञानाला दोन रूपके बहाल केली आहेत. 'शहरावर तिसऱ्या डोळ्याची नजर' हे पहिले. पुराणातील तिसरा डोळा एरवी मिटलेला असतो, तो उघडला की अन्याय भस्म होतो. कॅमेऱ्याचा डोळा कधीच मिटत नाही आणि स्वतःहून काहीही करत नाही. त्याच्यामागे पाहणारा माणूस, नोंद काढणारा कर्मचारी आणि कारवाई करणारी यंत्रणा नसेल तर तो केवळ साठवतो. हे रूपक यंत्राला देवत्व देते आणि माणसांची जबाबदारी झाकते.

'घटना कॅमेऱ्यात कैद' हे दुसरे. कैद होते ते चित्र, गुन्हेगार मोकळाच असतो. शिवाय त्या चित्रात पीडित स्त्री, अपघातग्रस्त आणि तेथून सहज जाणारे असंख्य लोकही 'कैद' झालेले असतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात मान्य केले. त्या पार्श्वभूमीवर या रूपकातील बेफिकिरी खटकते. 'घटनेची नोंद कॅमेऱ्यात झाली' असे म्हणण्यात नाट्य कमी आहे, परंतु सत्य अधिक आहे.

७. पर्यायांची दिशा

वरील विवेचनावरून परिभाषेचे दोन थर स्पष्ट होतात. पहिला थर उपकरणांचा आहे. डोम, बुलेट, डीव्हीआर, केबल, हार्ड डिस्क हे शब्द कॅमेरे बसवणारा तंत्रज्ञ, दुकानदार आणि ग्राहक सारख्याच सहजतेने वापरतात. त्यांना संस्कृतोद्भव प्रतिशब्द घडवण्यात शक्ती खर्च करणे अनावश्यक आहे. दुसरा थर निर्णयाचा आहे. चाहूल, निरीक्षण, ओळखीचा वाटणे, ओळख पटणे. पडताळणी व ओळखशोधन. यंत्रवेळ व प्रत्यक्ष वेळ. अस्सल व नक्कल. टेहळणी, पाळत, पहारा व देखरेख हे शब्द या थरातील आहेत. यांपैकी बहुतेक मराठीत आधीपासून आहेत, त्यांना केवळ नेमून दिलेले स्थान हवे आहे.

या पर्यायांवर एक आक्षेप संभवतो. बोलीतील शब्द कायद्याच्या भाषेत शिथिल ठरतात, पारिभाषिक शब्द मुद्दाम अपरिचित असावा, असे काही अभ्यासक मानतात. हा आक्षेप तांत्रिक मानकांपुरता ग्राह्य आहे. परंतु पंच म्हणून सही करणारा दुकानदार, फिर्यादी, साक्षीदार आणि वार्ताहर हे मानके वाचत नाहीत. त्यांच्या हाती असलेल्या भाषेतच पुराव्याची पहिली नोंद होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमात, संमतीसाठी द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. म्हणजे मराठी मजकूर तयार होणार हे निश्चित आहे. तो वाचून माणसाला आपला हक्क कळेल की केवळ इंग्रजी मजकुराची सावली दिसेल, हे शब्दांच्या निवडीवर अवलंबून राहील.

निष्कर्ष

१. 'सीसीटीव्ही' हे नाव मूळ अर्थापासून दूर गेले असले तरी ते बदलण्यापेक्षा त्याच्या जोडणीचा प्रकार स्पष्ट करणे अधिक उपयुक्त आहे.
२. मराठीतील खरी उणीव उपकरणांच्या नावांत नसून 'ओळख', 'सुरक्षा', 'फुटेज' यांसारख्या व्यापक शब्दांच्या सरसकट वापरात आहे.
३. एका मीटरमागे २५ बिंदूंचे चित्र आणि २५० बिंदूंचे चित्र यांना एकाच 'ओळख' या शब्दाने संबोधणे हा भाषिक दोष असून त्याची किंमत निरपराध माणसाला मोजावी लागू शकते.
४. 'अस्सल-नक्कल' यांसारख्या दफ्तरी परंपरेतील जोड्या डिजिटल पुराव्यासाठी आजही समर्थ आहेत.
५. पोलीस प्रशिक्षण, वृत्तपत्रविद्या आणि विधी अभ्यासक्रमांत या संज्ञांचा सोदाहरण समावेश होणे आवश्यक आहे.

कॅमेरा जे दाखवतो त्याला अर्थ माणूस देतो आणि तो शब्दांतूनच देतो. पंचनाम्यात 'ओळख पटली' असे लिहिण्यापूर्वी लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबला आणि त्याने 'माणूस दिसतो, चेहरा स्पष्ट नाही' असे लिहिले, तर परिभाषेचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.